जुना रिबन माइक आणि इलेक्ट्रिक गिटार: झोत, अंतर आणि कोन

गिटारचा स्पीकर मुळातच थोडा रगेल. बारा इंची सेलेशन व्हिंटेज ३० घ्या नाहीतर ग्रीनबॅक, २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात त्याचा आवाज उसळतो आणि पुढे झपाट्याने खाली येतो. शुअर एसएम५७ सारखा मूव्हिंग कॉइल (हलत्या तारेच्या गुंडाळीचा) माइक साधारण त्याच भागात स्वतःची धार मिसळतो. कधी ती हवीच असते. पण ॲम्पचा गेन (सिग्नलची वाढ) चढवला की तीच धार कानाला टोचते आणि मिक्समध्ये ती बोथट करत बसावे लागते. रिबन माइकला, म्हणजे चुंबकांमध्ये टांगलेल्या पातळ धातूपट्टीने आवाज पकडणाऱ्या माइकला, तिथे उसळी नसते. त्याच्या पन्हाळीदार ॲल्युमिनियम पट्टीचा स्वतःचा अनुनाद खर्जाच्या तळाशी असतो, आणि वरचे स्वर हळूहळू उतरत जातात. म्हणून त्याने टिपलेली गिटार गोल वाटते, पण गुळगुळीत होत नाही. प्लेक्ट्रमचा आघात शाबूत राहतो.

इथे ‘जुना’ म्हणजे आरसीएचे ४४-बीएक्स आणि ७७-डीएक्स, बीबीसीने १९५० च्या दशकात घडवलेला आणि आज कोल्स ४०३८ म्हणून ओळखला जाणारा माइक, किंवा १९५७ पासूनचा बायरडायनॅमिक एम १६०. जिमी हेंड्रिक्सचे इंजिनिअर एडी क्रेमर यांनी गिटारवर वापरला तो एम १६० च. १९९८ मध्ये आलेला रॉयर आर-१२१ मोठ्या आवाजाच्या ॲम्पसमोर जवळ ठेवता येतो. त्याच्यासाठी छापलेला सल्ला ७७-डीएक्सला लावू नका. बरेच जुने रिबन याच चुकीने मेले आहेत.

आवाज आणि झोत या दोन वेगळ्या गोष्टी

आरसीएच्या माइकची पट्टी दोन-अडीच मायक्रॉन जाडीची असते, ४०३८ ची एक मायक्रॉनहूनही पातळ. पोळ्या गुंडाळायची फॉइल दहा-पंधरा मायक्रॉनची असते, यावरून अंदाज करा. ही पट्टी दोन चुंबकी खांबांच्या मधोमध सैलसर टांगलेली असते, पण खांबांना तिचा स्पर्श होता कामा नये. मोठ्या आवाजापेक्षा तिला हवेच्या झोताचा धोका जास्त. शिवाय आवाजाचा मोठेपणा तोच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर पट्टीची हालचाल दुप्पट होते. म्हणजे १२ व्या फ्रेटवर वाजवलेला सोलो तिला फारसा हलवत नाही. ८२ हर्ट्झची जाड ई तार पाम-म्यूट करून (तळहाताने दाबून) ठोकली, किंवा ती उतरवून ७३ हर्ट्झच्या डी वर आणली, की पट्टीवर ताण येतो. ड्रॉप ट्यूनिंगमधले (जाड तार उतरवलेल्या गिटारचे) चग, म्हणजे दाबून मारलेले ठोके, माइकजवळ रेकॉर्ड करायचे असतील, तर जुना रिबन काढूच नका.

झोत आहे का हे माइक न लावताच तपासता येते. माइक जिथे येणार तिथे टिश्यू पेपरची दोन बोटे रुंद पट्टी धरा आणि गिटारवाल्याला प्रत्यक्ष टेकच्या आवाजात जाड तारेवर ठोके मारायला सांगा. पट्टी नुसती थरथरली तर चालेल. फडफडली तर १०-१५ सेंटिमीटर मागे या आणि पुन्हा पाहा. कॅबिनेटला (स्पीकरच्या पेटीला) पोर्ट, म्हणजे हवेचे भोक, असेल तर त्याच्या तोंडासमोर माइक कधीच नको. पोर्टमधून येते ती फुंकरच असते. मागची बाजू उघडी असलेल्या कॅबिनेटमध्ये मागूनही हवा येते, हे बहुतेकजण विसरतात.

आधी माइक तपासा

सेशनच्या दिवशी भाड्याचा किंवा उसना माइक आला, तर ॲम्पसमोर नेण्याआधी पाच मिनिटे त्याला द्या. फुंकर मारून किंवा जाळीवर टिचकी मारून तपासू नका. दोन फुटांवरून बोला, किल्ल्यांचा जुडगा हलवा, ऐका.

एकंदर आवाज क्षीण आणि वरचे स्वर गायब असतील तर पट्टी सैल पडली आहे. सगळे स्वर जागेवर आहेत पण सगळेच हळू आहेत, तर चुंबक अशक्त झाले आहेत. मोठ्या आवाजावर खरखर किंवा फरफर येत असेल तर पट्टी खांबाला घासते आहे, किंवा फटीत लोखंडी कण अडकले आहेत. काहीच येत नसेल तर पट्टी तुटली आहे किंवा ट्रान्सफॉर्मरची तार. शेवटच्या दोन्ही प्रकारांत माइक जाणकाराकडेच जाऊ द्या. जाळी उघडून चिमट्याने कण काढायचा मोह झाला, तर चिमटा लोखंडी असतो आणि आतले चुंबक तो ओढून घेते हे आठवा. मल्टिमीटरने ‘चालू आहे का’ हेही पाहू नका. मीटरचा डीसी प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला चुंबकत्व देऊ शकतो.

पट्टी कधी बदलली आणि कोणत्या जाडीची घातली, हे मालकाला विचारून ठेवा. जाड फॉइल घातलेला ४४ दिसायला ४४ असतो, पण त्याचा आवाज हळू आणि मंद झालेला असतो.

७७-डीएक्सला दोन ठिकाणी स्क्रूड्रायव्हरने फिरवायची सेटिंग असतात. मागचा स्क्रू दिशा बदलतो. खालचा एम, व्ही१, व्ही२ असा खर्ज बदलतो. एम म्हणजे संगीत, पूर्ण खर्ज. व्ही ही दोन्ही बोलण्यासाठी खर्ज कापलेली. ‘माइक पातळ वाटतोय’ या तक्रारीचे कारण बऱ्याचदा एवढेच असते की कोणीतरी तो व्ही२ वर सोडला आहे. गिटारसाठी एम पासून सुरुवात करा, पण ३० सेंटिमीटरच्या आत जायचे असेल तर व्ही१ ऐकूनही पाहा. तो स्विच मुळी जवळून बोलताना फुगणारा खर्ज आवरण्यासाठीच दिलेला आहे.

केबल, फँटम आणि प्रीॲम्प

फँटम पॉवर म्हणजे कंडेन्सर माइकसाठी केबलमधूनच पाठवलेली वीज. ‘फँटम पॉवरने रिबन जळतो’ हे अर्धे खरे आहे. ४८ व्होल्ट पिन २ आणि पिन ३ वर सारख्याच ६.८ किलोओहम रोधांतून येतात. दोन्ही टोकांना दाब सारखा, म्हणून धड केबलमधून ट्रान्सफॉर्मरला प्रवाहच मिळत नाही. घात होतो तो समतोल बिघडला की. एक पिन जमिनीला शॉर्ट झालेली केबल, किंवा गिटारसारखा प्लग असलेल्या पॅचबेवर (जोडण्या बदलायच्या फळीवर) फँटम चालू असताना पॅच बदलणे. प्लग आत सरकताना टोक आणि कडे क्षणभर भलत्या जागी टेकतात. अशा वेळी सुमारे ७ मिलिअँपिअरचा धक्का ट्रान्सफॉर्मरमधून जातो आणि पट्टीला हिसका बसतो. काही जुन्या माइकच्या ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप जमिनीला जोडलेला असतो. त्यांच्या बाबतीत धड केबलही वाचवत नाही.

म्हणून हा क्रम पाळा. फँटम बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या. पॅचबे टाळून माइक थेट प्रीॲम्पला (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) जोडा. केबल आधी टेस्टरवर तपासलेली असू द्या. जोडल्यावर फँटमच्या बटणावर चिकटपट्टी लावा. स्टुडिओत हात चालतात, डोके मागून येते.

छोट्या इंटरफेसमध्ये (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) एकच फँटम बटण दोन किंवा चार चॅनलसाठी असते. शेजारच्या चॅनलवर खोलीचा कंडेन्सर लावायचा असेल तर त्याला वेगळा फँटम सप्लाय द्या, किंवा रिबनच्या मार्गात फँटमवर चालणारा इनलाइन बूस्टर घाला. क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड प्रकारचे हे बूस्टर साधारण २५ डेसिबल वाढवतात आणि फँटम माइकपर्यंत जाऊ देत नाहीत.

गिटारसाठी एरवी बूस्टरची गरज पडत नाही. हिशोब असा: ४०३८ ची संवेदनशीलता सुमारे ०.५६ मिलिव्होल्ट प्रति पास्कल. माइकच्या जागी ११० डेसिबल असतील तर साडेतीन मिलिव्होल्ट मिळतात, आणि ४५ डेसिबलच्या आसपास गेनने ते रेकॉर्डिंगच्या पातळीला येतात. साधा इंटरफेसही तेवढे देतो. रिबनला ६०-७० डेसिबल गेन लागतो हे ऐकले असेल, ते सतार, बासरी किंवा हलक्या गायनासाठी.

गेनपेक्षा प्रीॲम्पच्या इनपुट इम्पिडन्सकडे (सिग्नलला होणाऱ्या विद्युतरोधाकडे) जास्त लक्ष द्या. तो माइकच्या निदान पाचपट हवा. ३०० ओहमच्या माइकला दीड किलोओहम. कमी असेल तर खर्ज पोकळ होतो आणि आवाजही उतरतो. ४४ आणि ७७ च्या आत वेगवेगळ्या इम्पिडन्ससाठी जोडण्या असतात. माइक फारच हळू वाटला तर तो ३० किंवा ५० ओहमवर बांधलेला नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्या.

जुने कनेक्टर आणि अडॅप्टर यांत पिन २ आणि ३ उलटे निघू शकतात. एकटा माइक असेल तर फरक ऐकू येणार नाही. जोडीला दुसरा आला की येईल.

ॲम्पची तयारी

आधी ॲम्प गप्प करा. हँडल, मागची फळी, सैल स्क्रू, ॲम्पवर ठेवलेला चहाचा कप, सगळे शोधा. रिबन हे सारे प्रामाणिकपणे टिपतो.

मग आवाज कमी करा. व्हिंटेज ३० ची संवेदनशीलता १ वॅटला १ मीटरवर १०० डेसिबल आहे. ६० सेंटिमीटरवर ११० डेसिबल हवे असतील तर साडेतीन वॅट पुरतात. १०० वॅटचा हेड (स्पीकरविना ॲम्प) आणला म्हणून १०० वॅट वाजवायचे नसतात. मास्टर व्हॉल्यूम नसलेल्या ट्यूब ॲम्पला योग्य ओहमचा अटेन्युएटर (स्पीकरला जाणारी ताकद घटवणारे यंत्र) लावा. स्पीकर किंवा लोड न जोडता ट्यूब ॲम्प चालू करू नका. जुन्या रिबनसाठी माइकच्या जागी ११० डेसिबल ही आम्ही सुचवू ती मर्यादा. मोजायला खरे मीटर वापरा, फोनमधली ॲप एवढ्या आवाजावर भरवशाची नाहीत.

टॉर्च लावून जाळीच्या कापडातून स्पीकरचा शंकू पाहा. मधली गोल टोपी आणि काठ कुठे आहेत त्यावर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून ठेवा. चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये चारही जवळून ऐका आणि एक निवडा; ते सारखे क्वचितच असतात.

छताचा पंखा बंद, एसीचा झोत दुसरीकडे. दारावर सूचना लावा. बंद खोलीत दार जोरात आपटले तरी पट्टीला धक्का बसतो.

स्टँड

४४-बीएक्सचे वजन चार किलोच्या जवळपास आहे, ४०३८ चे एक किलो. लांब बूमवर ४४ टांगू नका. जड पायाचा सरळ स्टँड घ्या, तिवई असेल तर एक पाय माइकच्या वजनाच्या दिशेने काढा आणि तळावर वाळूची पिशवी ठेवा. जुन्या माइकचे आटे आजच्या स्टँडशी जुळतीलच असे नाही, अडॅप्टर आधीच मिळवा. जागा ठरेपर्यंत माइकवर कापडी पिशवी राहू द्या आणि ती झटकन ओढून काढू नका. प्लास्टिकची पिशवी वापरलीच तर आणखी हळू, कारण ती निघताना हवा शोषते. माइक उभाच ठेवा.

पहिली जागा

स्पीकरच्या टोपीच्या कडेसमोर, शंकूच्या मध्याच्या थोडे बाहेर, ४५ सेंटिमीटरवर माइक उभा करा. पाच वॅटच्या छोट्या ॲम्पसाठी ३० चालतील.

यामागे प्रॉक्सिमिटी इफेक्ट आहे, म्हणजे माइक जवळ आला की खर्ज फुगणे. दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्या माइकमध्ये तो सगळ्यांत तीव्र असतो. आवाजाचा स्रोत बिंदूएवढा धरला तर १०० हर्ट्झला १५ सेंटिमीटरवर जवळजवळ साडेअकरा डेसिबल वाढतात, ३० वर साडेसहा, ६० वर अडीच आणि एक मीटरवर फक्त एक. बारा इंची स्पीकर बिंदू नसल्याने प्रत्यक्षात जवळच्या अंतरावर वाढ यापेक्षा कमी भरते, पण कल तोच. म्हणजे १५ वरून ३० वर येणे हे खर्जाचे बटण पाच डेसिबल मागे फिरवण्यासारखे आहे, आणि तेही कोणताही इक्वलायझर न लावता. गिटार ‘बुम बुम’ करतेय अशी तक्रार असेल तर पहिला उपाय हाच, फिल्टर नंतर.

अंतर ठरवताना वाजवणाऱ्याचा हात बदलत राहतो आणि तुलना फसते. लूपर पेडलवर दोन वाक्ये भरा, किंवा डीआय (ॲम्पविना थेट गिटारचा सिग्नल) रेकॉर्ड करून रीॲम्प बॉक्समधून परत ॲम्पला द्या. मग ३०, ४५, ६० आणि ९० सेंटिमीटरवर तेच रेकॉर्ड करा, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा आणि चारही तुकडे सारख्या पातळीला आणून ऐका. पातळी न जुळवता ऐकले तर मोठा आवाज जिंकतो आणि निर्णय चुकतो.

टोपीकडे सरकवले की आवाज उजळतो, काठाकडे नेले की काळवंडतो. रिबन स्वतःच मंद असल्याने इथे एसएम५७ च्या सवयीपेक्षा मध्याच्या एक-दोन सेंटिमीटर जवळ जावे लागते.

कोन

रिबन कोणत्या बाजूला कलतो याला फार महत्त्व आहे. पट्टी उभी असते. ४४ मध्ये ती पाच-सहा सेंटिमीटर लांब आहे. माइक उभ्या अक्षावर डावी-उजवीकडे फिरवला तर आवाज कमी होतो, पण त्याचा रंग फारसा बदलत नाही. वर-खाली कलवला तर एकच लहर पट्टीच्या दोन टोकांना वेगवेगळ्या क्षणी पोहोचते आणि वरचे स्वर आपसात कटतात. झोतापासून वाचवायला १०-२० अंश बाजूला फिरवा. कर्कश ॲम्प मवाळ करायचा असेल तर १०-१५ अंश वर-खाली कलवा. दोन्ही एकदम करू नका, कशामुळे काय झाले ते कळणार नाही.

झोत तरीही शंकास्पद वाटला तर माइकच्या पाच-आठ सेंटिमीटर पुढे दुहेरी नायलॉनचा पॉप फिल्टर उभा करा. किंचित उजेड जातो, पट्टी राहते.

माइकच्या मागची खोली

४४ आणि ४०३८ जितके पुढचे ऐकतात तितकेच मागचे, फक्त मागचे उलट्या पोलॅरिटीत, म्हणजे धन-ऋण उलटे. माइक ॲम्पपासून ३० सेंटिमीटरवर आणि मागची भिंत माइकपासून एक मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज सुमारे १८ डेसिबल खाली येतो, चालून जाते. माइक ६० वर आणि भिंत ५० वर असेल तर तो फरक साडेआठ डेसिबलवर येतो आणि गिटार डब्यात वाजल्यासारखी होते. भिंत लांब ठेवा. नाही जमले तर माइकच्या मागे दुसऱ्या स्टँडवर दोन जाड गोधड्या टांगा. पातळ फोमचा चौकोन वरचे स्वर खातो आणि मधला भाग तसाच सोडतो.

डावी, उजवी, वर आणि खाली या चारही बाजूंना माइक जवळजवळ बहिरा असतो. ड्रम किंवा दुसरा ॲम्प त्याच खोलीत असेल तर तो माइकच्या बरोबर कडेला येईल असा फिरवा. असे काटेकोर नल (बहिऱ्या दिशा) कार्डिऑइडला, म्हणजे मुख्यतः पुढचेच ऐकणाऱ्या माइकला, जमत नाही. एम १६० हायपरकार्डिऑइड, म्हणजे मागचे कमी ऐकणारा, आहे. त्याला मागच्या खोलीची चिंता कमी आणि तंग जागेत तोच सोपा.

पातळी आणि इक्वलायझर

२४ बिटमध्ये सगळ्यांत मोठा आघात -१२ ते -१० डेसिबलवर ठेवा. क्लिप होत असेल तर आधी प्रीॲम्पचे पॅड (पातळी घटवणारे बटण) लावा. तरीही आवाज फाटत असेल तर पट्टीच घासतेय, माइक मागे घ्या आणि ॲम्प कमी करा.

८० हर्ट्झचा हाय-पास (खालचे स्वर कापणारा फिल्टर) रेकॉर्ड करतानाच लावला तरी गिटारचे फारसे काही जात नाही. वरचा उजेड नंतर चढवा: ३ ते ५ किलोहर्ट्झला रुंद वळणाने २ ते ४ डेसिबल. तिथे माइकची स्वतःची उसळी नसल्याने ही वाढ टोचत नाही. ८ किलोहर्ट्झच्या वर मात्र हात आवरा. गिटारच्या स्पीकरमधून तिथे काही येत नाही, वाढतो तो प्रीॲम्पचा हिस्स (सूसू आवाज).

एसएम५७ ची जोडी

रिबनने अंग, एसएम५७ ने टोक, ही जोडी प्रसिद्ध आहे. दोन्ही माइकचे तोंड एकाच पातळीत, एकाच स्पीकरवर असले की काम सोपे. पण जुना रिबन जाळीला चिकटवता येत नाही, म्हणून एसएम५७ मागे आणा. त्याला जाळीशी ठेवून रिबन १० सेंटिमीटर मागे असला, तर दोन्ही आवाज एकमेकांना कापून पहिली खाच १.७ किलोहर्ट्झच्या आसपास पडते, म्हणजे गिटारच्या मधोमध.

जुळवायची रीत: ॲम्पचा नुसता हिस्स वाढवा, दोन्ही माइक सारख्या पातळीला आणा, एकाची पोलॅरिटी उलटवा. आता एसएम५७ पुढे-मागे सरकवा आणि हिस्स सगळ्यांत पातळ, पोकळ होईल ती जागा पकडा. पोलॅरिटी पूर्ववत केली की त्याच जागी आवाज सगळ्यांत भरीव असतो. पूर्ववत केल्यावरही पोकळच वाटला तर जुन्या माइकच्या पिन उलट्या आहेत. सरकवायला जागा नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक सरकवा. ४८ किलोहर्ट्झला एक सँपल म्हणजे सुमारे सात मिलिमीटर.

गुणगुण

रिबनचा ट्रान्सफॉर्मर ॲम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरची ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण पकडतो. ॲम्प स्टँडबायवर टाकून ऐका. गुणगुण राहिली तर माइक स्टँडवर हळूहळू फिरवा. एका कोनात ती एकदम पडते. कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) नसून हेड आणि कॅबिनेट वेगळे असले तर हेड दोन मीटर दूर न्या.

आवरताना

माइकवर पिशवी चढवा, मग केबल काढा, मग माइक स्टँडवरून उतरवा. या खोलीत गिटारच्या तारा बदलू नका. पोलादी तारेचे कापलेले तुकडे आणि फ्रेट घासल्याची भुकटी दोन्ही त्या चुंबकांना हवीहवीशी असतात, आणि एकदा फटीत गेलेला कण आपोआप बाहेर येत नाही. माइक पेटीतही उभाच ठेवा. आडवा पडलेला ४४ काही महिन्यांत पट्टीला पोक काढतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की बदला, आणि पेटीवर ‘ही बाजू वर’ असा बाण मोठ्या अक्षरात रंगवा.